दोन बाजूंनी वाचायचा नकाशा

मी नकाशे काढते. हे सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे मोबाइलमध्ये असतात तसे?" आणि दुसरा, "मग मोबाइल असताना तुमची गरज काय?" मी दोन्ही वेळा हसते आणि विषय बदलायची वाट बघते. मला बोलणं फारसं जमत नाही. नकाशे काढणाऱ्याला बोलावं लागत नाही, अशी माझी समजूत होती. हे काम धरलं त्याचं ते एक मोठं कारण.

मालवणात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं ऑफिस आहे. दोन कॉम्प्युटर, मोठ्या कागदाचा एक प्रिंटर, मोजणीची यंत्रं ठेवायचं लोखंडी कपाट आणि सर. सर सरकारी भूमापक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे ऑफिस काढलं. बहुतेक कामं ठरलेली: भावाभावांच्या वाटण्या, विहीर कुणाच्या हद्दीत येते, कुणाला हॉटेलसाठी परवानगी हवी. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांना आपल्या प्लॉटच्या नकाशात समुद्र जरा जवळ दाखवून हवा होता. "फार नाही, थोडासाच." सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही ओहोटीला आलात. भरतीला या, आपोआप जवळ येईल." दुसरे एक आजोबा हद्दीचा दगडच पिशवीत घालून घेऊन आले होते. पुरावा म्हणून. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो बघा दगड. पन्नास वर्सा जाग्यावरसून हललो नाय."

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. नकाशा कधीही कोऱ्या कागदावर सुरू होत नाही. त्याच्या खाली एक जुना नकाशा असतो, त्याच्या खाली आणखी जुना. खाली खाली गेलं की इंग्रजांच्या वेळची मोजणी लागते. आपण वरून नवे रंग भरतो, नव्या रेषा ओढतो, पण पहिल्यांदा ज्याने पाहिलं त्याची नजर तळाशी तशीच राहते. त्याला जे दिसलं नाही ते पुढच्यांनाही दिसत नाही. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. शेवंताकाकीने शिकवलं.

काकी आली तेव्हा मासळी बाजार सुटायची वेळ झाली होती. साठीच्या पुढची बाई, डोक्यावर रिकामी पाटी, पाटीत कोयता. तिच्याबरोबर संजूदादा. तो मालवणच्या उत्तरेकडच्या एका वाडीतल्या रापण संघाचा सेक्रेटरी. चाळिशीचा, हातात कायम मोबाइल. त्याने सरकारी किनारा आराखड्याची एक प्रत टेबलावर पसरली. किनाऱ्यावर कुठे काय करता येईल, कुठे नाही, हे ठरवणारा हा आराखडा. त्याच्यावर हरकती घ्यायची मुदत होती, आणि मग जनसुनावणी.

"ह्येच्यात आमची वाडी खंय आसा गो बाय?" काकीने विचारलं.

मी बोट ठेवलं.

"आणि पुळण?"

पुळण म्हणजे वाळूचा किनारा. मी पिवळा पट्टा दाखवला.

"तेच्यार काय लिवलला आसा?"

"काही नाही. मोकळी जागा."

"मोकळी?" काकीने पाटी खाली ठेवली. "शिरा पडो तेंच्या तोंडार! माझी अर्धी हाडा थंय झिजली, आणि मोकळी?"

"काकी, तिच्यार कित्या वरडतंस?" संजूदादा म्हणाला. "तिना काढूक नाय तो नकाशो."

मोकळी जागा म्हणून तो किनारा पर्यटनाच्या तंबूंसाठी आणि पाण्यातल्या खेळांसाठी सुचवला होता. एकदा तिथे खुंट्या ठोकल्या की वाडीची रापण संपली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. त्याचा एक दोर किनाऱ्यावर धरून ठेवतात. होडी जाळं सोडत सोडत पाण्यात मोठा अर्धगोल घेते आणि दुसरा दोर बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात. बाया, पुरुष, म्हातारे, सुट्टीवर आलेले चाकरमानी. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा. त्यासाठी खडप, म्हणजे पाण्यातला खडक, नसलेली, स्वच्छ आणि लांब पुळण लागते. पण रापण चालू नसेल तेव्हा ती पुळण रिकामीच दिसते. आराखड्याचं उपग्रहचित्र बहुधा वैशाखातल्या एखाद्या दुपारचं होतं. त्यात एक कुत्रासुद्धा नव्हता.

हरकतीसोबत जोडायला वाडीचा स्वतःचा नकाशा काढायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं, कारण आराखड्याचे कागद इंग्रजीत होते आणि माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. त्या शाळेत वर्गात मालवणी शब्द निघाला की नावापुढे फुली पडायची. मला फुल्या फारशा पडल्या नाहीत, कारण मी बोलायचेच नाही. घरी मम्मी-पप्पा आपसात मालवणी बोलायचे आणि माझ्याशी इंग्रजी. त्यामुळे मला मालवणी सगळी समजायची, पण तोंडात यायची नाही. पाहुण्याला घरातलं सगळं दिसतं, पण कपाट उघडायचा हक्क नसतो, तसं.

वाडीत पहिल्या दिवशी काकीने मला आडवं घेतलं. "तू कोणाची गो?"

पप्पांचं नाव सांगितलं.

"मास्तराचा चेडू! अगो, तुझ्या बापाशीचा तोंड दिसभर चालता. तू अशी मुकी कित्या?"

मी हसले. ती पुढे चालायला लागली आणि मी वही घेऊन मागे. त्या एका फेरीत तिने मला त्या 'मोकळ्या' पुळणीवरची नऊ नावं सांगितली. थोरली ओढ, बायांची ओढ, वाळवण, झऱ्याचा तोंड, ताईची धोंड. कुठल्या वाऱ्याला कुठल्या तुकड्यावर जाळं ओढायचं, कुणाची पाळी कुठे, हे सगळं त्या नावांत होतं. एका जागी ती थांबली आणि म्हणाली, "ह्यो भटाचो माड."

मी आजूबाजूला पाहिलं. माड काय, झुडूपसुद्धा नव्हतं.

"माड कुठे आहे?"

"पडलो. मी लगीन होवन इलंय त्याच्याय आदी."

"मग नाव?"

"माड पडलो," काकी म्हणाली, "नाव कित्या पडात?"

हे मी वहीत लिहून घेतलं. मोजणीच्या वहीत अशा गोष्टी लिहायच्या नसतात.

वाडीतल्या तरुण मुलांना यातली दोन-तीन नावंच ठाऊक होती. थोरल्या ओढीला ती 'सनसेट पॉइंट' म्हणायची, कारण पर्यटक म्हणायचे. संजूदादाच्या स्वतःच्या घरगुती हॉटेलवर इंग्रजी पाटी होती. "गिराईक तसाच शोधता," तो मला खालच्या आवाजात म्हणाला. मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.

जाळी ठेवायच्या मांगरात दाजी भेटले. दाजी रापणीचे म्हातारे तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. सत्तरीचे, सडपातळ, डोळे कायम बारीक केलेले. मी त्यांना समुद्राचा जुना इंग्रजी नकाशा दाखवला. जहाजांसाठी काढलेला तो नकाशा आम्ही तळाला वापरतो. त्यात वाडीसमोरच्या एका खडपाचं नाव 'ब्लाइंड रॉक' असं छापलेलं आहे.

"म्हंजे?"

"आंधळा खडक."

मांगरातले सगळे हसायला लागले. त्या खडपाला वाडीत फेसाळी म्हणतात. भरतीत ते बुडतं, पण वर फेसाची एक रेघ उठते, आणि ती वाडीतल्या शेंबड्या पोरालाही दिसते.

"आंधळो कोण?" दाजींनी विचारलं. "खडप काय तेंचो कप्तान?"

मी पहिला कच्चा नकाशा काढून नेला तेव्हा मला त्याचा अभिमान होता. उत्तर वर, नीट प्रमाणात, नऊही नावं जागच्या जागी. मांगरातल्या जमिनीवर तो पसरला. काकीने पाहिला, मान तिरकी केली, मग कागद उचलला आणि समुद्र वर येईल असा फिरवला. "आता बरो." दाजींनी तो तिच्या हातातून घेतला आणि जमीन वर येईल असा उलटा धरला.

"असो धर."

"असो कसो?" काकी म्हणाली. "समोर दर्यो नको?"

"मी होडयेत बसान बघतंय. माझ्यासमोर दर्यो कसो येतलो? माझ्यासमोर डोंगर."

"आणि मी दोर वढतंय तेव्हा माझ्यासमोर काय तुझो डोंगर येता?"

दोघांचीही चूक नव्हती. बाया किनाऱ्यावर उभ्या राहून समुद्राकडे तोंड करून ओढतात. तांडेल पाण्यातून किनाऱ्याकडे बघतो. उत्तरेकडे तोंड करून त्या वाडीत कुणीच उभं राहत नव्हतं. मी तेवढी उभी होते.

त्यातून तो नकाशा झाला. पुळणीवरची नावं अशी लिहिली की ती वाळूत उभं राहून समुद्राकडे बघताना सरळ वाचता येतात. समुद्रातली नावं उलट बाजूने, होडीतून किनाऱ्याकडे बघितलं की सरळ. तो भिंतीवर लावायचा नकाशा नव्हता. जमिनीवर पसरायचा, एका बाजूला बायांनी बसायचं, दुसऱ्या बाजूला पुरुषांनी. सरांनी तो पाहिला आणि डोक्याला हात लावला. "चाळीस वर्षांत असला नकाशा पाहिला नाही." मग बराच वेळ टेबलाभोवती फिरून तो दोन्हीकडून वाचत राहिले.

आता माझ्या चुकीबद्दल.

एका सकाळी दाजी मला होडीतून घेऊन गेले. मासळी कुठे मिळते त्या जागा समुद्रात खुणांवरून ओळखतात. किनाऱ्यावरचं एक काहीतरी आणि त्यामागच्या डोंगरावरचं एक काहीतरी एका रेषेत आणायचं, अशा दोन रेषा जिथे मिळतात तिथे थांबायचं. ह्या खुणा बाप मुलाला सांगतो, तेही मुलगा टिकेल असं वाटलं तर. दाजींचा मुलगा आखातात नोकरीला आहे. त्यांनी त्या मला सांगितल्या. का, ते मी विचारलं नाही. कदाचित मी फार बोलत नाही म्हणून. काळो गाळ, आयचो पदर, मधली शिरड अशा सात जागा. प्रत्येक जागी होडी थांबली की मी हातातल्या यंत्रावरचे आकडे वहीत लिहून घ्यायचे. दाजी तिकडे बघायचे नाहीत.

ऑफिसात येऊन मी त्या सात जागा नकाशावर बसवल्या. खोटं कशाला सांगू, माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. जहाजांच्या नकाशात जिथे नुसते खोलीचे आकडे होते तिथे आता नावं होती. मी तो नकाशा तपासायला म्हणून संजूदादाच्या मोबाइलवर पाठवला. त्याला इतका आनंद झाला की त्याने तो स्टेटसला ठेवला. 'आमची वाडी, आमचो दर्यो.' खाली हात जोडल्याची आणि माशाची चित्रं.

दिवसभर तो तिथे होता. संजूदादाचे मेव्हणे, मेव्हण्यांचे मित्र, कुठल्या कुठल्या बंदरातल्या यांत्रिक बोटींवरचे ओळखीचे, सगळ्यांनी पाहिला. चौथ्या दिवशी सकाळी काळ्या गाळावर बाहेरच्या तीन मोठ्या बोटी उभ्या होत्या. योगायोग असेल, असं संजूदादा म्हणाला. कुणी ते ऐकून घेतलं नाही. त्याने स्वतःही नाही.

मी वाडीत गेले तेव्हा दाजी जाळं विणत बसले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. काहीतरी विचारायचं म्हणून मी वाऱ्याबद्दल विचारलं.

"आता तुका सगळा ठावक आसा," ते जाळ्यावरून नजर न काढता म्हणाले. "माका कित्या विचारतंस?"

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी वही पुढे केली. "हे परत घ्या."

"परत? माझ्या जागा थंयच आसत. तुझ्याकडच्यो माका कश्यो परत मेळतल्यो?"

"मी पुसून टाकते."

"मनातसून?"

"मला आकडे लक्षात राहत नाहीत." हे खरं आहे. मला माझा स्वतःचा मोबाइल नंबरही बघून सांगावा लागतो.

त्यांनी थोडा वेळ विणलं. मग म्हणाले, "त्यो माझ्या एकट्याच्यो न्हय. बैठकीत ठेव."

बैठक मांगरात झाली. सरही आले होते. दोन रस्ते होते. समुद्रातल्या सातही जागा आकड्यांसकट सुनावणीत द्यायच्या, म्हणजे ही वाडी खरोखर तिथे मासेमारी करते याला पक्का पुरावा मिळतो. किंवा त्या काढून टाकायच्या, आणि मग सरकारी माणसं म्हणू शकतात की तुमच्याकडे दाखवायला काहीच नाही, किनारा मोकळा तो मोकळाच.

"पुरावो व्हयो," संजूदादा म्हणाला. "तेंका आकडो दाखवलो की गप रवतत. आणि आता झाकून काय उपेग? एक जागो गेलोच मां?"

सरांनी मान डोलावली. "तांत्रिक दृष्ट्या तो बरोबर बोलतोय."

"एक गेलो तो तुझ्या मोबायलामुळे," मागून कोणीतरी म्हणालं.

"होय, माझ्यामुळे," संजूदादा म्हणाला, आणि खाली बसला.

काकी उठली. "पुळण सगळ्यांका दिसता. साह्यबांका दिसता, पर्यटकांका दिसता. ती सगळी लिवा, नव नावांनी लिवा. दर्याच्या पोटात काय आसा ता कोणाक दिसता? आमका. मगे ता कित्या लिवतास?"

सगळे दाजींकडे बघायला लागले. ते म्हणाले, "नाव देवया. जागो देवचो नाय."

असं ठरलं. समुद्रातल्या सात जागांची नावं नकाशात असतील, पण एका बाजूला, ओळीने, कुठे आहेत ते न दाखवता. मग त्या नावांखाली काय लिहायचं यावर अर्धा तास वाद झाला. संजूदादाने सुचवलं, "सदर माहिती राखून ठेवण्यात आलेली आहे."

"ह्या कोणाच्या भाशेत?" काकीने विचारलं.

"सरकारी भाषा अशीच असते," मी म्हणाले.

"नकाशो सरकाराचो काय आमचो?"

शेवटी एक ओळ ठरली. 'दर्यातल्यो जागा गावाक ठावक आसत.' मी ती तशीच मालवणीत छापली. माझ्या हातून छापली गेलेली मालवणीतली ती पहिली ओळ. कॉम्प्युटरने तिच्याखाली तीन लाल रेघा मारल्या.

सर बस पकडायला लवकर निघून गेले होते. ते गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांसमोर ती मोजणी काढून टाकली. यंत्रातली काढली, ऑफिसच्या ऑनलाइन पाठप्रतीतली काढली, संजूदादाने आपल्या मोबाइलमधला नकाशाही पुसला. वहीतली पानं फाडून दाजींना दिली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली. "ह्येच्यातलो काळो गाळ खंयचो?" मी दाखवला. आकड्यांच्या त्या ओळीकडे ते बघत राहिले. "एवढोसोच?" म्हणाले आणि पानं चहाच्या चुलीत घातली.

हे मी सरांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव करता करता सुनावणीचा दिवस आला.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका सभागृहात सुनावणी होती. स्टेजवर टेबल, टेबलामागे अधिकारी, मागे पडदा. आधी अर्धा तास इंग्रजीतलं सादरीकरण झालं. वाडीतून साठ-सत्तर माणसं आली होती. काकी नवं लुगडं नेसली होती आणि पुन्हा पुन्हा मला विचारत होती, "काय म्हणता गो तो?" मी तिच्या कानात सांगत होते. मालवणीत. हे माझ्या लक्षात आलं ते काकीने मध्येच माझ्याकडे वळून बघितलं तेव्हा. तिने नुसतं कोपराने ढोसलं.

आमची पाळी आली. नकाशा पडद्यावर आला आणि सभागृहात हशा पिकला, कारण अर्धी अक्षरं उलटी होती.

"हे चुकून उलटं लागलंय का?" मुख्य अधिकारी मॅडमनी विचारलं.

"उलटा नाय, बाईसायेब," काकी जागेवरून म्हणाली. "तो पडद्यार लावूचो नसता. खाली येवा."

संजूदादाने छापलेला मोठा नकाशा आणला होता. काकीने तो स्टेजखाली फरशीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या आणि आपल्या बाजूला जाऊन उभी राहिली. दाजी समोरच्या बाजूला गेले. मॅडम उठल्या. त्यांच्यामागून बाकीच्यांनाही उठावं लागलं. स्टेजच्या पायऱ्या उतरून ते सगळे खाली आले आणि नकाशाभोवती वाकून उभे राहिले.

काकीने पुळणीची नऊही नावं सांगितली. प्रत्येक नावाबरोबर कुठला महिना, कुठला वारा, कुणाची पाळी. मॅडम मधे मधे प्रश्न विचारत होत्या, आणि त्यांची सहायक भराभर लिहून घेत होती. मग मॅडम फेरी मारून दाजींच्या बाजूला आल्या.

"इकडे समुद्र रिकामा का आहे?"

"रिकामो नाय," दाजी म्हणाले. "झाकललो आसा."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बाजूची सात नावं वाचली, खालची ओळ वाचली, मग सरांकडे वळल्या. "मोजणी तुम्ही केली ना? मग जागांची नोंद असेलच. ती गोपनीय म्हणून जोडा. तुमचा दावा पक्का होईल."

"आहे ना," सर म्हणाले. "ऑफिसात आहे. उद्या देतो." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

वाडीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दाजींनी नाही. ते नकाशाकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "नाही. नोंद होती. ती गावाची होती. गावाने परत घेतली."

"म्हणजे? कॉम्प्युटरवर?"

"नाही."

"पाठप्रत?"

"नाही."

सरांचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं नाही, कारण मी फरशीवरच्या चपला मोजत होते. मॅडम म्हणाल्या, "बरं." मग सहायकाला, "लिहा. समुद्रातल्या जागांबाबत माहिती देण्यास गावाचा नकार. पुढे लिहा, नकार नोंदवला." आणि त्या पायऱ्या चढून परत गेल्या.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "पाठप्रत नेहमी ठेवायची असते." मी हो म्हणाले. आणखी बरंच अंतर गेलं. "मी असतो तर ठेवली असती," ते म्हणाले, "आणि आज दिलीही असती." ते रागावले होते का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या नकाशाची एक प्रत ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली सरकवली.

अंतिम आराखडा यायला पुढचा पावसाळा गेला. सगळं मिळालं नाही. उत्तरेकडचा एक तुकडा तंबूंकडे गेला. त्या तुकड्याला वाळवण म्हणत. तिथे मासळी सुकवणाऱ्या चार बाया आता देवळामागे सुकवतात, आणि मला तिथून जाताना बरं वाटत नाही. जहाजांच्या नकाशात ब्लाइंड रॉकही अजून तसाच आहे. तो बदलायला कुणाकडे अर्ज करायचा याचा शोध संजूदादा घेतोय. पण बाकीची पुळण आराखड्यात 'रापणीसाठी राखीव' म्हणून आली, आणि तिच्यावर वाडीची चार नावं छापून आली. त्यात भटाचा माडही आहे. उद्या कुणी माड शोधत आला तर काकी तिथे असेलच.

संजूदादाने हॉटेलची पाटी बदलली. आता तिथे 'थोरली ओढ' असं लिहिलंय. गिऱ्हाईकं अर्थ विचारतात, तो सांगतो, आणि मग त्यांना दोर ओढायला लावतो. वाडीतल्या शाळेच्या गुरुजींनी मुलांकडून पुळणीचे नकाशे काढून घेतले. बऱ्याच मुलांनी समुद्र वर काढला, काहींनी खाली.

आमच्या ऑफिसात आता इतर वाड्यांचीही माणसं येतात. परवा दोन बाया आल्या होत्या. खुर्चीत बसायच्या आधीच त्यातली एक म्हणाली, "काय लिवचा ता मगे सांगतंव. आदी लिव, काय लिवचा नाय ता." अशा गिऱ्हाइकांबरोबर काम करायला जास्त वेळ लागतो. सर कुरकुरतात, पण त्यांना खुर्ची देतात.

आराखडा आला त्या दिवशी मी तो घेऊन वाडीत गेले होते. काकीने चार नावांवर चार वेळा बोट फिरवलं, मग बायांना दाखवायला घेऊन गेली. दाजी मांगराबाहेर बसले होते. सुनावणीनंतर ते माझ्याशी बोलायचे, पण विचारलं तेवढंच. कागद फिरून त्यांच्याकडे आला. त्यांनी तो जमीन वर येईल असा धरला.

"आमचो दर्यो?"

"निळो रंगवलो आसा," मी म्हणाले. "काय लिवूक नाय."

"कायच नाय?"

"कायच नाय."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि मला परत दिली. भरती चढायला लागली होती, फेसाळीवर पांढरी रेघ उमटत होती. ते थोडे बाजूला सरकले. मी बसले आणि सवयीने पिशवीत हात घातला.

"वही भायर काढू नको," दाजी म्हणाले. "नुसता आयक."

मग पाण्याकडे बोट करून ते बराच वेळ सांगत राहिले. मी ऐकलं.